पंधरावी पिढी

२३७ कोटी ३० लाख ४६ हजार ८७५. हा आकडा वहीत उतरला तेव्हा मी तीनदा ताळा करून पाहिला. मांडणी शाळेतल्या गुणाकाराची आहे. परतूरच्या शिवारात जुलै सरताना गुलाबी बोंडअळीची एक मादी कपाशीच्या पात्यांवर अंडी घालते. अंडी समजा दीडशे. त्यातल्या निम्म्या माद्या, म्हणजे पंचाहत्तर. महिनाभरात त्या पंचाहत्तर जणींचे पतंग होतात आणि त्या अंडी घालायला मोकळ्या होतात. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर अशा पाच पिढ्या धरा आणि एकाला पाच वेळा पंचाहत्तरने गुणा. एकही अळी मेली नाही तर डिसेंबरात त्या एका मादीच्या वंशात इतक्या माद्या असतील. नर आणखी तितकेच. भारताची लोकसंख्या आज १४० कोटींहून थोडी जास्त आहे.

असं घडत नाही, हे उघडच आहे. अंडी पावसात धुऊन जातात, कोळी आणि ढेकणांच्या जातीचे मित्रकीटक ती फस्त करतात, कोवळ्या अळ्या बोंडात शिरण्याआधीच मरतात. पण किती मेल्या म्हणजे पुरे, हा प्रश्न या लेखाचा गाभा आहे. आणि त्याचं उत्तर डोळ्यांना दिसत नाही, ते वहीतच सापडतं. पंचाहत्तरपैकी ७४ मेल्या आणि एकच उरली, तर पाच पिढ्यांनंतरही एकच मादी राहील. आकडा जागचा हलणार नाही. ७३ मेल्या आणि दोन उरल्या, तर डिसेंबरात ३२. ७० मेल्या आणि पाच उरल्या, तर ३,१२५. शंभरातल्या त्र्याण्णव अळ्या मारणारं औषध कुणीही चांगलंच म्हणेल. शेतात फिरल्यावर मेलेल्या अळ्याच दिसतील. तरीही पाच महिन्यांत एकीच्या तीन हजार होतात. अठ्ठ्याण्णवच्या पुढे गेलात तर वाचलात, त्र्याण्णववर थांबलात तर बुडालात. एवढ्या अरुंद फटीत शेतकऱ्याचं वर्ष अडकलेलं असतं.

परतूर हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जालन्याहून परभणीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते लागतं, आणि तालुक्यातून दुधना वाहते. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, तूर. दुधनेचं पाणी सलग वाहतं. ते कोणत्याही क्षणी मोजलं तरी चालतं. बोंडअळीचा आकडा मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो. एक पिढी, मग दुसरी, मग तिसरी. अधलीमधली अर्धी पिढी नसते आणि पावणेदोन अळ्याही नसतात. अशा पायरीपायरीने चालणाऱ्या गोष्टींसाठी गणितात विविक्त प्रतिमान नावाची रीत आहे: आजच्या पिढीचा आकडा हातात घ्यायचा, त्याला एक नियम लावायचा, पुढच्या पिढीचा आकडा मिळवायचा आणि तोच नियम पुन्हा लावायचा. मोसमाच्या अखेरीस पिढ्या एकमेकींत मिसळतात हे खरं, पण हिशोबाचा सांगाडा तोच राहतो.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’ लिहिली. तीत एक गायीचं उदाहरण आहे. एक गाय दरवर्षी एक कालवड देते, ती कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक कालवड देऊ लागते, तर वीस वर्षांनी गोठ्यात किती जनावरं? नियम एका ओळीचा आहे: या वर्षीच्या गायी म्हणजे गेल्या वर्षीच्या गायी अधिक तीन वर्षांपूर्वीच्या गायी. १, २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, असं चढत दहाव्या वर्षी ६० आणि विसाव्या वर्षी २,७४५. पहिली दहा वर्षं साठ, पुढची दहा वर्षं पावणेतीन हजार. साडेसहाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या या हिशोबात वयात येईपर्यंतचा काळ धरलेला आहे, म्हणजे जीवशास्त्र आहे. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. गायीला तीन वर्षं लागतात तिथे बोंडअळीला एक महिना लागतो आणि एका कालवडीच्या जागी दीडशे अंडी असतात. नियमाची जात एकच.

आता बियाण्याकडे वळू, कारण जालना म्हणजे बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. २००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा महिको आणि मोन्सँटो यांच्या भागीदारीतलं ते वाण होतं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं होतं. त्याने तयार होणारं क्राय १ एसी हे प्रथिन अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. २००६ साली बोलगार्ड-२ आलं. त्यात क्राय २ एबी हे दुसरं प्रथिन जोडलेलं होतं. काही वर्षं हिरवी बोंडअळी आणि तिच्यासाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. तो काळ पाहिलेला शेतकरी अजूनही त्याबद्दल बोलतो.

पण आपल्याकडची बीटी कपाशी संकरित आहे, आणि इथे मेंडेलचा आनुवंशिकतेचा नियम आड येतो. संकरित झाडाला बीटीचं जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असतं. त्या झाडाच्या बोंडात जी सरकी भरते ती पुढची पिढी असते आणि तिच्यात जनुकांची वाटणी नव्याने होते. दोन जनुकं वेगवेगळ्या जागी असली तर दर सोळा सरक्यांमागे नऊ सरक्यांत दोन्ही, तीन सरक्यांत एकच, दुसऱ्या तिनांत दुसरंच, आणि एका सरकीत एकही नाही. हा ९:३:३:१ चा हिशोब दहावी-बारावीच्या पुस्तकात वाटाण्यावर शिकवतात. परतूरच्या शेतात तो असा उतरतो: चार फूट बाय दीड फूट लागवड केली तर एकरी ७,२६० झाडं बसतात. झाडाला सरासरी तीस बोंडं धरली तर २,१७,८०० बोंडं. बोंडात २८ सरक्या धरल्या तर साठ लाख ९८ हजार ४०० सरक्या. त्यातला सोळावा भाग म्हणजे तीन लाख ८१ हजार १५०. एका एकरात पावणेचार लाखांहून जास्त सरक्या अशा, ज्यांत बीटीचं एकही प्रथिन नाही. उरलेल्यांपैकी सहा भागांत एकेकच. गुलाबी बोंडअळी पानं खात नाही, ती सरकी खाते. अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि मागचं भोक बुजून जातं. म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी घास, अर्धा विषारी घास आणि निर्धोक घास असं ताटच वाढलेलं असतं. प्रतिकार शिकायला याहून चांगली शाळा नाही.

जनुकांच्या वाटणीच्या या गणितात एका मराठी माणसाचं नाव जगभर रोज उच्चारलं जातं आणि आपल्याला ते इतिहासकार म्हणूनच माहीत असतं. गोव्यात कोसबेन इथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र मांडलं. ते १९४४ साली प्रसिद्ध झालं. किती संततीत दोन जनुकं एकत्र राहिली आणि कितींत सुटी झाली एवढंच मोजायचं, आणि त्या मोजणीवरून नकाशा काढायचा. आज गहू असो, तूर असो, कपाशी असो, जनुकांचे नकाशे करणारी मंडळी ‘कोसंबी अंतर’ हा शब्द सर्रास वापरतात. मराठवाड्यातल्या किती महाविद्यालयांत हे सांगितलं जातं, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता लेखाच्या नावाकडे येतो.

बीटीचं बियाणं आलं तेव्हा त्यासोबत एक अट होती. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं दुसरं छोटं पाकीट मिळायचं, साध्या कपाशीचं. ते शेताच्या कडेने लावायचं. शेतकरी त्याला नॉन-बीटी किंवा रेफ्युजी म्हणत. स्वतःच्या शेतात अळीसाठी मुद्दाम खाऊ का लावायचा, हा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पायरीपायरीच्या हिशोबात आहे.

प्रत्येक अळीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. समजा बीटी पचवणारी प्रत हजारात एक आहे. दोन्ही प्रती तशाच असल्या तरच अळी बीटी खाऊन जगते असं धरू. मग जगणारी अळी हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. ही एकटी अळी पतंग होते. आजूबाजूला साध्या कपाशीवरून उठलेले हजारो साधे पतंग असले, तर तिचा जोडा बहुतेक साध्याशीच जमतो. पिल्लांना एकच प्रतिकारक प्रत मिळते, ती बीटीवर मरतात. साधी कपाशी नसेल तर मात्र वाचलेल्यांना वाचलेलेच भेटतात.

हा हिशोब सूत्रात बसवता येतो. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ पासून निवडीचं गणित असंच पिढीगणिक मांडलं. पुढे १९५७ साली ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि भुवनेश्वरला त्यांचा शेवट झाला. सूत्राला साध्या कपाशीचा वाटा सांगायचा, ते पुढच्या पिढीतलं प्रतिकारक प्रतींचं प्रमाण सांगतं. मी दोन टोकं घेतली. साधी कपाशी शंभरात वीस लावली, तर प्रतिकारक प्रत हजारात एकवरून निम्म्यावर यायला अडीचशेहून जास्त पिढ्या लागतात. वर्षाला पाच पिढ्या म्हटलं तर पन्नास वर्षं. साधी कपाशी शंभरात पाचच लावली तर पन्नास-साठ पिढ्या, दहा-बारा वर्षं. आणि शंभरात एकच लावली तर?

शंभरात एक लावली, तर पाचव्या पिढीत प्रतिकारक प्रती हजारात पावणेदोन होतात. दहाव्या पिढीत हजारात सहा. दोन मोसम गेले आणि काहीच झालेलं दिसत नाही. या काळात बीटी खाऊन जगणाऱ्या अळ्या मोजायला गेलात तर दहाव्या पिढीत लाखात तीन सापडतील. कुणाला सापडणार? बाराव्या पिढीत लाखात एकतीस. तेराव्या पिढीत लाखात दोनशेवीस. चौदाव्या पिढीत लाखात चार हजार सातशे. पंधराव्या पिढीत लाखात चौऱ्याहत्तर हजार.

पुन्हा वाचा. तेराव्या पिढीत लाखात दोनशेवीस, पंधराव्या पिढीत लाखात चौऱ्याहत्तर हजार. मधे फक्त दोन महिने. अडीच मोसम कपाशी निरोगी होती, आणि तिसऱ्या मोसमाच्या ऑक्टोबरात ज्याने शेत पाहिलं तो डिसेंबरात ते ओळखणार नाही. यात कुठला नवा रोग आला नाही, हवामान फिरलं नाही, कुणी बियाणं बदललं नाही. पहिल्या पिढीला जो नियम लावला तोच पंधराव्या पिढीलाही लावला.

हे मांडलेलं प्रतिमान खऱ्या शेतापेक्षा सोपं आहे. शेतात दोन प्रथिनं होती, सरकीतली वाटणी होती, प्रतिकाराचे मार्गही एकाहून जास्त होते. म्हणून वर्षं तंतोतंत जुळणार नाहीत. पण चाल जुळते. २००२ साली परवानगी. गुजरातमध्ये २००८ च्या हंगामात गोळा केलेल्या अळ्यांत क्राय १ एसीला प्रतिकार आढळला आणि २०१० साली ते जाहीर झालं. सहा मोसम, म्हणजे साधारण तीस पिढ्या. बोलगार्ड-२ ला गुजरातेत २०१४-१५ च्या सुमारास तोच अनुभव आला. आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ, खानदेश, मराठवाडा, सगळीकडे बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. महाराष्ट्रात कपाशीखालचं क्षेत्र चाळीस लाख हेक्टरांच्या घरात असतं. त्या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीला हातात कवडी कापूस येत होता आणि अनेकांनी उभ्या पिकात नांगर घातला.

छोटं पाकीट न लावल्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. पाच एकरवाल्याला एक एकर अळीला सोडा म्हणणं सोपं आहे, सोडणं सोपं नाही. त्या पाकिटातली उगवण चांगली नाही, ते वाण मुख्य पिकासोबत फुलत नाही, अशा तक्रारी गावोगाव होत्या. आणि हजारात एकचं पंधराव्या पिढीत काय होतं, हे त्याला आकड्यांत कुणी दाखवलं होतं? ‘प्रतिकारशक्ती निर्माण होईल’ एवढंच वाक्य पाकिटावरून आणि भाषणांतून त्याच्यापर्यंत गेलं. पुढे साधं बी बीटीच्या पाकिटातच मिसळून द्यायची पद्धत आली. शेतकऱ्याच्या निर्णयावर ते अवलंबून राहिलं नाही, हे बरं झालं.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात वेगळं घडलं. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरित कपाशीची दुसरी पिढी पेरली. स्वस्त म्हणून पेरली. पण मेंडेलच्या वाटणीमुळे त्या शेतात चारातलं एक झाड आपोआप साधं निघालं. शंभरात पंचवीस. अळीतला प्रतिकार तिथे वाढायचा थांबला आणि उलट खाली आला, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ज्या वाटणीने आपल्या बोंडात घात केला तिनेच तिथे शेत राखलं. फरक इतकाच की आपल्याकडे साधा दाणा बीटी झाडाच्या बोंडात मिसळलेला होता आणि तिथे अख्खं झाडच साधं होतं.

अमेरिकेची गोष्ट आणखी पुढची. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन १८४३ साली झालं ते भारतातल्या नमुन्यांवरून, आणि ती अमेरिकेत पोचली १९१७ साली, टेक्सासमध्ये. शंभर वर्षं तिने तिथे ठाण मांडलं. तिथल्या शेतकऱ्यांनी बीटी कपाशीसोबत साधी कपाशी इमानाने लावली आणि बीटी टिकलं. नंतर त्यांनी एक वेगळाच हिशोब अंगीकारला. तो एडवर्ड निपलिंग या कीटकशास्त्रज्ञाचा, १९५५ सालचा. समजा एका भागात दहा लाख माद्या आहेत. प्रयोगशाळेत वाढवून किरणांनी वांझ केलेले वीस लाख नर दर पिढीला सोडायचे. पहिल्या पिढीत तीन जोड्यांतली एकच फळते: उरतात ३,३३,३३३. दुसऱ्या पिढीत वीस लाख वांझांसमोर हे सव्वातीन लाख: उरतात ४७,६१९. तिसऱ्या पिढीत १,१०७. चौथ्या पिढीत एकाहूनही कमी. दर वेळी तेवढेच वीस लाख सोडले, पण समोरचा आकडा जसजसा घटला तसतसा प्रत्येक वाराचा जोर वाढत गेला. फवारणीचं याच्या उलट असतं. ती शंभरातले नव्वद मारते आणि दहा अळ्या उरल्या तर त्यातल्या नऊच मारते.

या कामाबद्दल निपलिंग आणि रेमंड बुशलंड यांना १९९२ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, म्हणजे जो सहा वर्षांनी जालन्याला आला तोच. बोंडअळीसाठी अमेरिका आणि मेक्सिकोत विमानांतून अकराशे कोटींच्या वर वांझ पतंग सोडले गेले. अळ्यांना लाल रंग घातलेलं खाद्य देत, म्हणजे सापळ्यात अडकलेला पतंग आपला की रानातला ते कळे. २०१८ साली तिथल्या कृषी खात्याने देशातल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

मग आपण का नाही? आकडे मांडून पाहू. महाराष्ट्राचे चाळीस लाख हेक्टर म्हणजे सुमारे एक कोटी एकर. एकरी समजा हजार पतंग, तर रानातलेच हजार कोटी. निपलिंगच्या दोनास एक या प्रमाणात दर महिन्याला दोन हजार कोटी वांझ पतंग लागतील. दोन देशांनी वर्षानुवर्षं मिळून सोडले त्याच्या जवळपास दुप्पट, दर महिन्याला. म्हणून हा उपाय आकडा खाली असतानाच चालतो. आधी आकडा खाली आणायचा दुसऱ्या मार्गांनी.

आकडा वर चढू लागला की तो किती चढेल हे सांगता येईल का? इथे गणित स्वतःच्या मर्यादेवर बोट ठेवतं. एकरात दोन-सव्वादोन लाखच बोंडं आहेत. अळ्या वाढल्या की खाद्य कमी पडतं आणि वाढ रोखली जाते. ही रोख धरणारं सर्वांत साधं सूत्र घेऊन रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की वाढीचा दर कमी असेल तर आकडा एका जागी स्थिरावतो, थोडा वाढवला तर एका पिढीत जास्त आणि पुढच्या पिढीत कमी असा हेलकावतो, आणखी वाढवला तर चार आकड्यांत फिरतो, मग आठ, आणि पुढे त्याला कसलीच लय उरत नाही. दर सर्वांत जास्त असताना सुरुवातीच्या मोजणीतली चूक दर पिढीला सरासरी दुप्पट होते. दहा लाखांत एक इतकी बारीक चूक वीस वेळा दुप्पट झाली की दहा लाख ४८ हजार ५७६ पट होते. म्हणजे वीस पिढ्यांनी, चार वर्षांनी, मूळ मोजणीचा काही उपयोग राहत नाही. सूत्र माहीत, नियम माहीत, आणि तरी भाकीत नाही. म्हणून ‘पुढच्या वर्षी अळी येणार का’ याला छातीठोक उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ज्याच्याकडे या आठवड्याची मोजणी आहे त्याच्यावर ठेवा.

मोजणीचं साधन स्वस्त आहे. कामगंध सापळा. मादीच्या गंधाची गोळी लावली की नर येऊन अडकतात. एकरी दोन सापळे, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय सुरू करायचा, ही शिफारस खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र असो वा परभणीचं कृषी विद्यापीठ, सगळीकडे ऐकायला मिळते. आठ हा आकडा किरकोळ वाटतो. पण तेवढ्याच माद्या रानात धरल्या तरी त्यांची अंडी बाराशे, आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत कोणतंही औषध पोचत नाही. डोमकळी दिसली, म्हणजे पाकळ्या चिकटून गुलाबासारखं मिटलेलं फूल दिसलं, की ती तिथल्या तिथे खुडून नष्ट करायची. ऑगस्टमधली एक डोमकळी म्हणजे डिसेंबरातल्या कितीतरी अळ्या, हे आता वेगळं सांगायला नको. आपल्याकडे जाणते शेतकरी पोळ्याच्या अमावास्येच्या आसपास कपाशी बारकाईने चाळतात, ती सवय हिशोबाला धरून आहे.

सर्वांत मोठा गुणाकार मात्र मोसमाच्या शेवटी होतो, आणि तो आपल्या हातात आहे. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी मार्चपर्यंत ठेवली की तिला फरदड म्हणतात. चार-दोन क्विंटल जास्तीचे निघतात, भाव बरा असेल तर मोह होतो. आता पहिल्या परिच्छेदातली वही उघडा. गावात शंभर माद्यांपासून सुरुवात, प्रत्येक पिढीत एकीच्या पाच. पाच पिढ्यांनी डिसेंबरात तीन लाख १२ हजार ५००. फरदडीत आणखी दोन पिढ्या झाल्या तर ७८ लाख १२ हजार ५००. या अळ्या बोंडात, सरकीत, पऱ्हाटीत झोपून उन्हाळा काढतात. दर ३,१२५ मधली एकच जगली असं धरा. डिसेंबरात पीक काढलेल्या गावाचा पुढचा जुलै पुन्हा शंभरावर सुरू होईल. फरदड ठेवलेल्या गावाचा जुलै सुरू होईल अडीच हजारांवर. पंचवीस पट, पाऊस पडायच्या आधीच. आणि पतंगाला शिवेची ओळख नसते. एका गावाची फरदड शेजारच्या चार गावांना पुरते.

म्हणून परतूर, मंठा, घनसावंगी, सेलू या पट्ट्यातल्या कपाशीवाल्यांना एवढीच विनंती आहे. शेवटची वेचणी डिसेंबरात उरका. उरलेल्या हिरव्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या सोडा. पऱ्हाटी उपटा, बांधावर रचून ठेवू नका. जिनिंगच्या आवारात सापळे लावायला लावा. आणि हे एका शेतात नको, एका आठवड्यात अख्ख्या गावाने करा.